काळ्या पुठ्ठ्याची दोन भोकं

आमच्या घरात काळजी करायचं खातं पहिल्यापासून माझ्याकडे. दूध उतू जाईल, आबांची सायकल उतारावर घसरेल, दादाची एसटी चुकेल, असं सगळं आधी माझ्या पोटात ढवळायचं. मग ते घडायचं, किंवा खरं सांगायचं तर बहुतेक वेळा घडायचंच नाही. आई म्हणायची, "लते, तुझ्या पोटात देवानं रहाट बसवलाय, पाणी असो नसो, फिरतोच." लोक म्हणतात वय झालं की माणूस निवतो. कसलं निवतंय! आजही लेकानं फोन उचलला नाही की मी गॅस बंद करून दारात येऊन उभी राहते. पण त्या उन्हाळ्यात मात्र माझी काळजी खरी ठरली, आणि ती सुरू झाली कशावरून, तर पोस्टाच्या जुन्या तिकिटांवरून. आता पोस्टाचं तिकीट ही काय धास्ती घ्यायची वस्तू आहे? पण झालं खरं तसं.

साताऱ्यात आम्ही अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, चढावरच्या एका बोळात राहायचो. आबा पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन आलेले आणि एका कारखान्याच्या गेटवर राखणीला. उजाडायच्या आत आमचं घर आवाजांनी जागं व्हायचं. परसात दादाच्या दोरीवरच्या उड्यांची थापथाप, बंबात पेटलेल्या लाकडांचा तडतडाट, आईच्या भाकरीच्या थापा आणि या सगळ्यावर आबांचा खाकरा. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ प्रताप. त्याला सैन्यात जायचं होतं. जायचं होतं म्हणण्यापेक्षा, तो जाणार हे घरात ठरलेलंच होतं. जसा उन्हाळ्यानंतर पावसाळा, तसा आबांनंतर दादा. तो रोज किल्ल्याच्या रस्त्यानं वरपर्यंत पळत जायचा आणि घामानं निथळत खाली येऊन कच्ची अंडी दुधातून घटाघटा प्यायचा. मला नुसत्या वासानं मळमळायचं. तो मुद्दाम माझ्या नाकाशी पेला धरून म्हणायचा, "घे गं, तुलाबी भरती करू."

दर रविवारी सकाळी छाती मोजायचा कार्यक्रम. आईच्या शिवणाच्या मशिनीच्या खणात एक पिवळी टेप असायची, कडा झिजलेली. आबा ती काढायचे, दादाला मधल्या दाराच्या चौकटीत उभं करायचे आणि कवायतीच्या आवाजात म्हणायचे, "दम घे. फुगव. धर. धर, धर... सोड." मग आकडा शेजारच्यांना ऐकू जाईल असा मोठ्यानं बोलायचे. मोजून झाल्यावर मूड असला तर पलटणीतली गोष्ट. त्यातली एक आम्हा दोघांनाही पाठ होती. रात्रीच्या सरावात आभाळात बत्ती उडायची. हिरवी उडाली की पुढं सरकायचं, लाल उडाली की आहे तिथं भुईला चिकटायचं. "बत्ती वळखायला जो चुकला ना," आबा बोट नाचवत म्हणायचे, "त्यो एकला जात न्हाई. धाजणांना संगं घिऊन जातो." दादा तोंड उघडं टाकून ऐकायचा. पहिल्यांदाच ऐकतोय असा.

आणि छातीचा विषय निघाला की वसंतमामाचा विषय निघायचाच. वसंतमामा म्हणजे आईचा पाठचा भाऊ, सांगलीला एका छापखान्यात मुद्रितं तपासायचा. तोही तरुणपणी भरतीला गेला होता. पळण्यात पहिल्यांत आला, आणि शेवटच्या तपासणीतून परत आला, 'छाती कमी भरली' म्हणून. त्यावर आमच्या आज्जीनं वर्षभर त्याला खुराक चालवला. दूध, बदाम, हळिवाचे लाडू, आणि स्वतःच्या चुलीला अंडं न लावणाऱ्या त्या बाईनं परसात तीन दगड मांडून त्याला अंडी उकडून घातली. मामानं सगळं मुकाट्यानं खाल्लं, आणि पुन्हा काही तो भरतीला गेला नाही. आबांना तेवढंच पुरलं. मामा दारात दिसला रे दिसला की, "या, या, छातीवाले पाव्हणं! टेप आणू का?" मामा हसायचा. काडीसारखा किरकोळ माणूस, हसला की खांदे हलायचे. आईला मात्र ते लागायचं. ती आत जाऊन भांडी आपटायची.

त्या वर्षी दादा भरतीत धावला, आणि असा धावला की आबा चार दिवस मिशीला पीळ देत हिंडले. कागदपत्रं झाली, लेखी झाली. राहिली होती फक्त डॉक्टरी तपासणी, ती महिनाअखेरीला. माझी दहावीची परीक्षा नुकतीच संपलेली. आबा म्हणाले, "जावा दोघं आजोळी. तिकडं बेदाणं खावा, नदीत पवा, अंगाला जरा तेज येऊ द्या." तर आम्ही दोघं सांगलीला.

सांगलीच्या मामाच्या घरात दोन वास कायम असायचे. एक पेठेतून येणारा हळदीचा. वारा त्या बाजूचा असला की वाळत घातलेल्या कपड्यांनासुद्धा हळदीचा वास यायचा. आणि दुसरा भिजलेल्या जुन्या डिंकाचा. मामाला पोस्टाच्या जुन्या तिकिटांचा नाद होता. पण चारचौघांसारखा नाही, की देशोदेशीची जमवली आणि चिकटवली. त्याला एकच तिकीट पुन्हा पुन्हा हवं असायचं. राजाच्या मुंडक्याचं तेच ते अर्ध्या आण्याचं हिरवं, तेच ते एक आण्याचं तपकिरी, अशी पानंच्या पानं. मी विचारलं, "मामा, ही सगळी सारखीच आहेत की!" तो म्हणाला, "सारखी न्हाईत, हीच तर गंमत. एकच तिकीट वर्षानुवर्षं छापलं. शाई कालवणारा बदलला, रंगाचा डबा बदलला, की रंग जरासा सरकतो. सगळ्या वळीत बसत न्हाई असा एखादा सापडला, तर त्यो खरा दागिना."

पण दागिना म्हणायच्या आधी तो खोटा नाही ना, हे बघण्यात त्याचा सगळा जीव. किती तऱ्हांनी तिकिटाचा रंग फसवतो ते मला तेव्हा कळलं. खिडकीशी टांगलेल्या लखोट्यावरचं उन्हानं विटतं. सोड्याच्या पाण्यात कुणी धुतलं तर भलतंच होतं. नारिंगी तिकीट नुसत्या हवेनं, धुरानं काळवंडतं, आणि औषधवाल्याकडच्या पेरॉक्साईडनं अलगद पुसलं तर पुन्हा तोंड धुतल्यासारखं उजळतं. मामा तिकीट उलटं करून आधी कागद बघायचा. "शाई पिवळी पडली आणि कागदबी पिवळा, तर ते म्हातारपण, येगळेपण न्हवं," म्हणायचा. दिव्याखाली कधी बघायचा नाही. सकाळचं ऊन अंगणात उतरायच्या आधी मागच्या पडवीत जो थंड उजेड असतो, तेवढ्यातच काम. आणि हाताशी एक काळा पुठ्ठा, त्याला शेजारी शेजारी दोन भोकं. दोन तिकिटांवर तो ठेवला की राजा दिसत नाही, किंमत दिसत नाही, शिक्का दिसत नाही. दिसतो नुसता रंग.

आणि समोर शालनमामी. ती सुपात तांदूळ घेऊन बसलेली असायची. मामा पुठ्ठा तिच्याकडे सरकवायचा, "कुठला गं?" ती मान तिरकी करून बघायची, "चिंचोका. पण पाण्यात घातलेला." पुढचं. "शेवाळी." पुढचं. "हाबी शेवाळीच, पण जरा पोपटीकडं गेलाय." मामा ते वहीच्या पानावर बारीक सुवाच्य अक्षरात लिहायचा. बाहेरच्या छंदिष्टांकडे त्या रंगांची इंग्रजी नावं असतात म्हणे. मामाच्या वहीत चिंचोका, आमसुली, अंजिरी, विटकरी, मोरपिशी. लुगड्याच्या दुकानाची वहीच जशी. कुणी हसलं तर मामा म्हणायचा, "रंग बायकांना कळतो. पुरुषानं कागद आणि तिकिटाच्या कडेची भोकं बघावीत." आम्हाला ते पटायचं. त्यात न पटण्यासारखं होतं काय?

त्या सुट्टीत मिरजेच्या एका जुन्या वकिलांच्या घरची रद्दी मामाला मिळाली होती, पोतंभर लखोटे. आम्ही कापून काढलेली तिकिटं परातीत भिजत घालायचो, सुटली की जुन्या वर्तमानपत्रावर वाळवायचो. मामीनं केलेल्या भडंगाची ताटली मध्ये. दादाला असल्या बसक्या कामाचा कंटाळा. तो पडवीत जोर मारत होता. मामा चेष्टेनं म्हणाला, "परताप, ये रं गड्या. डोळ्यांचीबी तालीम कर. बघ, दोन भोकं. आत दोन तिकिटं. सारखी का येगळी?"

दादा हाताला लागलेली धूळ झटकत वाकला. "सारखीच की. एकाच कागदातली."

मी फस्सकन हसले. "अरे, डोळे आहेत की भोकरं? एक शेवाळी आहे आणि एक चिंचोका!"

"गप ए. मामा, हिला उगा लाडावून ठेवलीय."

सुपातल्या तांदळाची सळसळ थांबली. मामानं पुठ्ठा उचलला नाही. त्यानं खालची तिकिटं बदलली. एकाच रंगाची दोन, एक गडद आणि एक उन्हानं विटलेलं, अशी ठेवली. "ही?" "येगळी. ह्ये फिकं हाय." बरोबर होतं. मामानं पुन्हा पहिली दोन ठेवली, जागा बदलून. "आणि ही?" "सारखी. सांगितलं की आत्ताच." दादाला वाटलं मामा त्याला फसवायला बघतोय, तो जिंकल्यासारखा हसत भडंगाचा बोकाणा भरून परत जोर मारायला गेला. मामानं पुठ्ठा उचलला. एक अर्ध्या आण्याचं हिरवं, एक आण्याचं तपकिरी. तो ती दोन तिकिटं बघत होता, मामी त्याच्याकडे बघत होती, आणि मी मामीकडे. "चहा टाक," मामा म्हणाला. नुकताच तर चहा झाला होता. तरी मामी उठली.

माझ्या पोटातला रहाट तिथून जो फिरायला लागला! बरं, कळल्यावर मागचं सगळं एकेक आठवायला लागलं. कैरी आणि पाडाचा आंबा दादा अंगठ्यानं दाबून ओळखायचा. ठेच्याला लाल मिरच्या वेचून दे म्हटलं की हिरव्याही घेऊन यायचा आणि आईची बोलणी खायचा. शाळेत त्याचे नकाशे मीच रंगवायचे. म्हणायचा, 'पोरींचं काम हाय.' आम्ही त्याला धांदरट म्हणायचो, आळशी म्हणायचो. एवढ्या वर्षांत आईला, आबांना, मला, कुणालाही शंका आली नाही. येणार कुठून? त्याचे डोळे तर घारीसारखे होते. किल्ल्यावरच्या झेंड्याची फडफड तो आमच्या दारातून सांगायचा. झेंड्याचा रंग कुणी विचारलाच नव्हता.

दोन दिवस मामा काहीच बोलला नाही. पण मामी येता-जाता दादापुढे शिवणाचा डबा ठेवून म्हणायची, "परताप, त्यातला तांबडा दोरा दे बरं," आणि दादा चाचपडायचा. मग मामा-मामी एकमेकांकडे बघायची. मला घास गिळेना. मामीची शेंगदाण्याची आमटी म्हणजे माझा जीव की प्राण, पण ती पानात तशीच राहायला लागली. मनात एकच: महिनाअखेर. साताऱ्यात आबांनी कारखान्यात पेढ्यांची बोली करून ठेवली होती. आईनं दादाची ट्रंकसुद्धा झाडून उन्हात ठेवली होती. त्या ट्रंकेचं काय करायचं आता, असलाच काहीतरी वेडा विचार माझ्या डोक्यात घोळत राहिला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मामा म्हणाला, "चला, पुलावर." आयर्विन पुलावर वारा होता. खाली कृष्णेचं पाणी उन्हाळ्यानं आटलेलं. मामा कठड्याला टेकला आणि नदीकडे बघत म्हणाला, "परताप, तपासणीत एक पुस्तक दावत्यात. पानापानावर रंगाचं ठिपकं. त्या ठिपक्यांत आकडा असतो. मला त्यो आकडा दिसला न्हाई. डॉक्टरनं पान बदललं, तरी न्हाई. म्हणला, जा घरी." दादा म्हणाला, "तुमची तर छाती..." मामानं मान हलवली. "घरी काय सांगू? आईला सांगू, तुझ्या पोराला रंग दिसत न्हाईत? कळलं असतं का तिला? छातीचं सगळ्यांना कळतं."

दादाला अजूनही हे आपल्याबद्दल आहे हे उमगलं नव्हतं. उमगलं तसा त्याचा चेहरा आवळला. "मला दिसतंय सगळं. आभाळ निळं हाय. त्यो पल्याडचा ऊस हिरवा हाय."

"ऊस हिरवा हाय हे तुला सांगितलंय कुणीतरी, म्हणून," मामा म्हणाला. "मलाबी सांगितलंय."

दादा ताडताड चालत पुलाच्या टोकाला गेला. तिथं किती वेळ उभा होता कोण जाणे. मला वाटलं, आता हा उडी टाकतो की काय. मामानं माझा हात घट्ट धरून ठेवला होता, मला धीर द्यायला की स्वतःला, ते कळेना. शेवटी दादा परत आला आणि कोरड्या आवाजात म्हणाला, "ते पुस्तक पाठ करता येतं का?"

मामाच्या ओळखीचा एक चष्मेवाला होता, त्याच्याकडे तसलं पुस्तक होतं. मामा दोन दिवस टाळत राहिला, आणि मग दादाचा चेहरा बघवेना तेव्हा घेऊन आला. चष्मेवाल्यानं त्याला आणखीही एक सांगितलं होतं: हे आईकडून येतं, आई स्वतः चांगली असते, आणि निघतं तिच्या मुलग्यांत. मामानं ते हळू आवाजात मामीला सांगितलं, मी ऐकलं. म्हणजे आमच्या आईकडून दादाला. आणि मग माझ्याकडून? मी त्या वयात कुठल्या पोराबिराचा विचार करत नव्हते, पण रहाटाला कारण मिळालं ते मिळालंच. पुढं माझा लेक झाला, तो अडीच-तीन वर्षांचा होईस्तोवर मी त्याच्यापुढे काय काय रंग नाचवले असतील! त्याला सगळे दिसतात. दिसले तेव्हा मी बसून रडले, आणि नवऱ्याला वाटलं बायकोला वेड लागलं.

तर आम्ही गच्चीवर बसून पाठांतर करायचो. मी पान उघडायचे, दादा सांगायचा. त्याला ठिपक्यांत आकडा दिसत नव्हता. तो पानाच्या कोपऱ्यावरची घडी, डाग, ठिपक्यांची दाटी लक्षात ठेवायचा. मामाचाच भाचा तो! धडाधड सांगायला लागला. मला आनंद व्हायला हवा होता, पण माझी काळजी दुहेरी झाली. नापास झाला तर? आणि पास झाला तर? मामी एकदा वर आली, पुस्तक माझ्या हातातून घेतलं, उलटं धरून मधलंच पान उघडलं. दादाला आकडा सांगता येईना. ती तिथंच चटईवर बसली. म्हणाली, "लग्नानंतरच्या पहिल्या सणाला ह्यांनी मला लुगडं आणलं. हिरवं घेतलं म्हणून सगळ्यांना सांगत आलं. घडी मोडली तर मातकट. सासूबाई जवळच. मी म्हटलं, किती छान हिरवं हाय. आणि नेसले की. तवापास्नं मी सांगते, ह्ये लिहित्यात."

मामा तिच्या मागून जिन्यात येऊन थांबला होता. "परताप, पाठ कर, तुझी मर्जी," तो म्हणाला. "पास हुशीलबी. पण दाजींची त्या बत्तीची गोष्ट मीबी ऐकलीय. मला हिरवं का तांबडं विचारायला तुझी मामी हाय. तुला तिथं कोण रं हाय?"

दादानं पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा उघडलं. असं दोनतीनदा झालं. काय ठरवलंस म्हणून विचारायची माझी छाती नव्हती. मामाच म्हणाला, "मी येतो संगं साताऱ्याला. दाजींना मी सांगतो." मामी त्याच्या पिशवीत भडंग भरत होती, तिनं वरून तो काळा पुठ्ठा आणि तिकिटांचं पाकीट ठेवलं. मामानं बघितलं, काढलं नाही.

एसटीत दादा खिडकीशी. कराड गेलं, उंब्रज गेलं, तो बाहेरच बघत राहिला. मामा रुमालाची घडी घालत होता, मोडत होता, पुन्हा घालत होता. एवढी वर्षं ज्याची चेष्टा हसून घेतली, त्याच माणसापुढे जाऊन सांगायचं, की तुम्ही हसलात ते खोट्यावर. आणि वर तुमचं पोरही माझ्यासारखंच निघालं. आबांचा राग मला माहीत होता. एकदा चिडले की दिवसभर घरात कुणी मोठ्यानं श्वास घ्यायचं नाही. मला वाटत होतं, एसटी बंद पडावी. आमची एसटी हमखास बंद पडायची, पण त्या दिवशी मेली वेळेवर पोचली.

रविवार होता. आबा टेप गळ्यात टाकून दारातच उभे. मामाला बघून एकदम खुलले. "या, या, छातीवाले पाव्हणं! बरं झालं आला. भाच्याची छाती बघा आता, भाच्याची!"

मामानं पायातल्या चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. उंबऱ्याबाहेरच उभा राहून म्हणाला, "दाजी, माझी छाती भरली हुती."

"आँ?"

"भरली हुती. डोळं भरलं न्हाईत."

मग त्यानं सांगितलं, ठिपक्यांचं पुस्तक, न दिसलेला आकडा, ते पुस्तक काहीजण पाठ करतात तेसुद्धा. सरळ, एका दमात, मुद्रितं वाचून दाखवावीत तसं. आई आतून पिठाचे हात घेऊन आली आणि तशीच थांबली. पुढचं सांगायच्या आधी मामा जरा अडखळला, आणि दादा म्हणाला, "आबा, मलाबी दिसत न्हाईत." आबा ओरडले, "खुळा हाईस काय! तुला किल्ल्यावरचं माकड दिसतं हितनं!" मामानं पिशवीतून तो पुठ्ठा काढला. आबांनी तो जवळजवळ हिसकावूनच घेतला, तिकिटं मधल्या दाराच्या उजेडात धरली, स्वतः भोकांतून बघितली, मला दाखवली, आईला दाखवली, मग दादापुढे. ज्या चौकटीत छाती मोजायचे त्याच चौकटीत. "बोल. येगळी का सारखी?"

दादानं बघितलं. मला वाटलं, आता हा अंदाजानं 'वेगळी' म्हणेल. म्हणावं असंही वाटलं. किती वाटलं! तो म्हणाला, "सारखी दिसत्यात, आबा."

आबा खाली बसले. आई कुजबुजली, "माझ्याच माहेरचं हे," आणि पदर तोंडाला लावला. कुणी तिला काही म्हणालं नाही. मग आबांनी जे विचारलं, त्यानं माझ्या काळजाचं पाणी झालं. "ते पुस्तक... पाठ हुतंय म्हणं?"

"झालंय पाठ," दादा म्हणाला.

"मग?"

दादा म्हणाला, "तुमीच सांगितलंय न्हवं, आबा. बत्ती चुकला त्यो एकला जात न्हाई."

आबांनी त्याच्याकडे बघितलं. रागानं नाही. माझ्या आठवणीत तरी त्यांनी तसं कुणाकडे बघितलेलं नाही, आधीही नाही आणि नंतरही नाही. आज दादा एका शाळेत पोरांची कवायत घेतो, शाळेच्या मैदानावर सगळ्यांत खणखणीत आवाज त्याचा. पण त्याला आयुष्यात मिळालेलं मेडल कुठलं, असं कुणी विचारलं तर मी ती नजर सांगेन.

मग आबा उठले. गळ्यातली टेप काढली आणि मामाला म्हणाले, "चपला काढा. आत या. हितं उभं ऱ्हावा."

मामा गोंधळला. "दाजी, आवं आता ह्या वयात..."

"उभं ऱ्हावा म्हणतो न्हवं!"

मामा चौकटीत उभा राहिला, काडीसारखा, सदऱ्याचं वरचं बटण तुटलेलं. आबांनी टेप त्याच्या पाठीमागून घेतली, पुढे जुळवली. "दम घ्या. फुगवा. धरा. धरा, धरा..." आवाज कवायतीचाच, फक्त मध्येच कुठंतरी फाटला. मामा गाल फुगवून, डोळे मिटून उभा, आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं. आबांनी टेपेवर वाकून बघितलं. आकडा नाही सांगितला.

"भरतीया की ओ, पाव्हणं," ते म्हणाले. "चांगली भरतीया."

आई हुंदका देता देता हसली. मी तर भोकाडच पसरलं. दादा पुढे झाला, सवयीनं, रविवार म्हणून, हात वर करून चौकटीपाशी आला. आबांनी त्याच्या छातीला टेप लावली नाही, नुसता पालथा हात लावला.

"तुझी कशाला मोजू? तुझी मला पाठ हाय."

आणि टेप बोटांभोवती नीट गुंडाळून त्यांनी ती आईच्या हातात दिली. म्हणाले, "मशिनीच्या खणात ठिव. आता लागायची न्हाई."